मानाच्या भिंतीवरचे दोन स्पीकर

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
आजपासून नियमित रोजनिशी. कारण गंभीर आहे.
नभोवाणी केंद्राचे पत्र आले. 'शुद्ध बोला' या माझ्या १९८३ सालच्या पाठमालेतील एकच ध्वनिफीत शाबूत सापडली असून ती रविवार, दिनांक सोळा रोजी, दुपारी बारा वाजता प्रक्षेपित होईल. अकरा मिनिटे. पुनःप्रक्षेपण नाही. उरलेल्या एकोणतीस फिती कोणा गाढवाने पुसून त्यांवर लग्नातली गाणी भरली म्हणे. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून पत्र परत पाठवले.
माझा तो आवाज मी बेचाळीस वर्षांत ऐकलेला नाही. तो खरखरणाऱ्या रेडिओच्या डबड्यावर ऐकणे हा अपमान होईल. अल्मातीहून लेकीने पाठवलेले दोन स्पीकर आठ महिने पलंगाखाली पडून आहेत. ते भिंतीवर लावणार. एका दिवसाचे काम.

३ नोव्हेंबर.
लेकीचा, झामिराचा, फोन. "बाबा, ते पुस्तकांच्या कपाटात ठेवायचेच स्पीकर आहेत हो. ठेवा आणि ऐका." म्हणजे अठरा खंडांचा शब्दकोश खाली उतरवून त्या जागी खोके? हिला मीच व्याकरण शिकवले यावर विश्वास बसत नाही. ठाम नकार दिला.
स्पीकर तोरच्याच भिंतीवर लागतील. दारासमोरची ती मानाची जागा. पाहुण्यांतला थोर माणूस तिथे बसतो. माझा आवाज आणखी कुठून यावा?

४ नोव्हेंबर. रात्र.
त्या भिंतीवर माझ्या पत्नीचे, बुरूलचे, तुशकिइझ आहे. तिच्या आईने आमच्या लग्नासाठी दोन हिवाळे बसून भरतकाम केलेला तो नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, पडदा. बारा दिवसांपुरता उतरवू, असे मी अत्यंत सौम्य शब्दांत म्हणालो.
"आधी मला उतरवा, मग ते."
मी म्हणालो, भावना आणि ध्वनिशास्त्र यांची गल्लत करू नये. तिने कढईत कांदा टाकला आणि संभाषण संपले.
संध्याकाळी मी स्वतःच उतरवले. घडी तिला आवडेल अशी जमली नाही. ती ओढून घेऊन तिने पुन्हा घातली. शांतता चांगली, मोजमापे नीट झाली.

५ नोव्हेंबर.
सूचनापुस्तिकेचे भाषांतर कोणी केले त्याला शोधून शाळेत बसवले पाहिजे. एकच वाक्य तीन पानांवर तीनदा! 'ड्रिलचे बिट भिंतीत सहा सेंटिमीटरपेक्षा आत जाता कामा नये.' पुनरुक्ती हा आळशी लेखकाचा दोष होय. तिन्ही ठिकाणी खोडले. पुस्तिका आता वाचनीय झाली आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सुट्टी.
शेजारच्या ओमुरझाककडून ड्रिल आणले. हा निवृत्त ट्रॉलीबस चालक, क्रियापदे गिळतो. "आगाय, मी येऊन पाडून देऊ भोकं? भिंत फसवी." आगाय, म्हणजे गुरुजी, ही पदवी मला चाळीस वर्षे वर्गात उभे राहून मिळाली आहे, मला भिंत फसवील काय? नको म्हणालो. खोके जड, म्हणून सर्वांत लांब बिट निवडले.
पहिली तीन भोके पडली. भिंत काँक्रीटची, नतद्रष्ट. चौथ्याला खांद्याचा सगळा जोर लावला आणि ड्रिल एकाएकी लोण्यात गेल्यासारखे आत गेले.
पलीकडून ओमुरझाकचा आवाज: "आगाय, या ना आत! पण दारानं आलात तरी चालतं की!"
भोक त्याच्या तोरच्या भिंतीत, त्याच्या दिवंगत वडिलांच्या फोटोशेजारी, बरोबर कानाच्या उंचीवर निघाले. तो जागेवरूनच ओरडला, "तुमचं भाषण म्हाताऱ्याच्या कानातच घालायचं होतं, तर तो जिवंत असताना तरी घालायचं!" बायकोसह फिदीफिदी हसला.
दोष भिंतीचा. भिंतीची जाडी इमारतीच्या दर्शनी भागावर लिहिलेली असावी.

८ नोव्हेंबर.
विश्वासघात.
बुरूलने तुशकिइझ ओमुरझाकच्या भिंतीवर नेऊन टांगले. भोक झाकायला. मला विचारले नाही. "भोक आपण पाडलं, तर झाकायलाही आपलंच काहीतरी द्यायला हवं. त्यांच्याकडे पाहुणे येतात."
आमच्याकडे येत नाहीत काय? या प्रश्नावर ती म्हणाली, "येत होते."
याचा काळ कोणता, हे मी तिला विचारले नाही. मला कळला.

१० नोव्हेंबर, सोमवार.
गिट्ट्या ठोकल्या, ब्रॅकेट बसवले, दोन्ही स्पीकर भिंतीवर चढले. पातळीनळीने तपासले. एका रेषेत. इतिहासात नोंद व्हावी असे काम.
बातम्या लावल्या. निवेदक सार्वजनिक हमामात उभा राहून बोलत असल्यासारखे वाटले. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. निवेदकांचा दर्जा घसरला आहे.
ओमुरझाक ड्रिल न्यायला आला, उंबऱ्यातच थबकून म्हणाला, "नमदा गेला ना भिंतीवरनं. आवाज आता चेंडूसारखा उडणार." ट्रॉलीबस चालवणाऱ्याने ध्वनीविषयी बोलावे, असे दिवस आले आहेत.

१२ नोव्हेंबर.
पुस्तिकेनुसार दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. दोरीने मोजले. श्रोत्याचा बिंदू दारात, चपला-बुटांच्या ढिगावर आला. तीनदा मोजले. तीनदा बूटच.
तिपाई टाकून तिथे बसलो. आवाज खरोखर बरा. म्हणजे पाहुणे तोरवर बसतील आणि यजमान बुटांत.
बुरूल: "पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला दारात बसवलं, तर लोक तुम्हाला काही म्हणणार नाहीत. मलाच म्हणतील."
मी म्हणालो, लोकांना मी समजावीन. ती म्हणाली, "समजावा. चाळीस वर्षं तेच तर केलंत."

१३ नोव्हेंबर.
शारशेन आणि त्याची पत्नी यांना आमंत्रण. शारशेन माझा जुना सहकारी. भूगोलाचा, तरी बरा. ओमुरझाकला बोलावलेले नाही. तो भोकातून ऐकेलच.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
डावा स्पीकर किंचित मान टाकतो आहे. गिट्टी सैल झाली. आगपेटीच्या काड्या आणि लेकीच्या पाकिटावरचा पुठ्ठा कोंबून वरून प्लास्टर फासले. आता पर्वत हलेल, हा हलणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. ११.१०
पाहुणे आले. शारशेन भिंतीकडे पाहून म्हणाला, "अरे, इथलं तुशकिइझ कुठं गेलं? घर बदललं की बायको?" त्याची पत्नी त्याला चिमटा काढताना मी पाहिले.

११.२५
तोरवर कोणी बसेना. शारशेन म्हणतो तू थोरला, तू बस. मी म्हणतो तुम्ही पाहुणे, तुम्ही बसा. मला त्रिकोणानुसार बुटांत बसायचे आहे. ऐकतच नाहीत. "तू दारात बसणार आणि आम्ही वर बसून खाणार? शेण खाऊ त्यापेक्षा!" चौघे उभे, चहा निवतो आहे. शिष्टाचारालाही वेळेची मर्यादा असावी.

११.४०
मला दंडांना धरून तोरवर बसवण्यात आले. दोन्ही स्पीकर आता माझ्या डोक्यावर. इथे काहीही ऐकू येत नाही. बुटांजवळ तिपाई रिकामी आहे.

११.५३
चाचणीसाठी आवाज पूर्ण वाढवला. डावा स्पीकर प्लास्टरसकट जर्दाळूच्या मुरंब्यात उतरला; मागचे आरपार भोक उघडे पडले. चहाची किटली विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डावर उलटली. फ्यूज गेला. घरभर शांतता.
मी भिंतीला काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. व्याकरणदृष्ट्या मात्र निर्दोष होते.
भिंतीतून ओमुरझाक: "आगाय, वीज आमच्याकडे आहे. तळलेले बोर्सोक गरम आहेत. सगळेच या!"
बुरूलने मुरंब्याची ताटली उचलली आणि पाहुण्यांना घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "चला ना." मी म्हणालो, दोन मिनिटांत फ्यूज बसवतो. ती थोडी थांबली. मग गेली.

१२.००
फ्यूजची तार हातातून सुटते आहे.

दुपार, ३ वाजता.
बारा वाजून एक मिनिटाने भिंतीतून एक तरुण माणूस बोलू लागला. स्वच्छ, ठाम, स्वल्पविरामाला स्वल्पविराम देत. ओमुरझाकच्या स्वयंपाकघरातले रेडिओचे डबडे त्यांनी आत आणून ठेवले असावे. मी तार टाकली, तोरच्या उशांवर चढलो आणि भोकाला कान लावला.
नमद्यातून गाळून आवाज येत होता. एकही प्रतिध्वनी नाही. कुठलीही सूचनापुस्तिका असा आवाज देऊ शकणार नाही.
अकरा मिनिटे मी तसाच उभा होतो. पायांना मुंग्या आल्या. शेवटी तो माणूस श्रोत्यांचा निरोप घेत म्हणाला, की घरातल्या माणसांशी बोलताना शब्द सर्वांत जपून निवडावेत. हे मी म्हणालो होतो, याचे मला पूर्ण विस्मरण झाले होते.
पलीकडे कोणीतरी डबडे बंद केले. मग शारशेन घसा खाकरून म्हणाला, "आवाज काय होता रे गड्याचा!"
आणि बुरूल म्हणाली, "हो ना. तेव्हा माझ्याशीही असंच बोलायचे."
ओमुरझाकने भिंतीवर बोटाने टकटक केली. "आगाय, ऐकू आलं का?"
मी उशांवरून खाली उतरलो.

१७ नोव्हेंबर.
नभोवाणी केंद्राला पत्र लिहिले. पुनःप्रक्षेपणाची विनंती. स्वतःचे पत्र चारदा तपासले. चूक नाही. विनंती मात्र फार कठोर वाटते आहे. उद्या पुन्हा लिहीन.
दुसरा स्पीकर उतरवून दोन्ही पलंगाखाली ठेवले. तुशकिइझ परत आणण्याचा विषय काढला. बुरूल म्हणाली, "भोक आहे तोवर तिथेच राहील." ती दुपारचा चहाही तिकडेच घेते.
संध्याकाळी ओमुरझाक थापी आणि सिमेंट घेऊन आला. "बुजवून टाकू? पाच मिनिटांचं काम, तुमचं तुशकिइझही घरी येईल."
तिकडे बुरूल ओमुरझाकच्या बायकोला, साइराला, काहीतरी सांगून हसत होती. इथून स्वच्छ ऐकू येत होते.
मी त्याला म्हणालो, तूर्त राहू दे. कारण निव्वळ ध्वनिशास्त्रीय आहे.