करावे आणि करू नये

१७ जानेवारी १९८८, रविवार
निमंत्रणपत्रिका छापून आली. अडीचशे प्रती. पिवळा कागद, चॉकलेटी शाई. ७ फेब्रुवारीला थायलंडचे पाहुणे आपल्या कोपरीच्या विहाराला बुद्धमूर्ती देणार. अध्यक्ष कुंडलिक हाटे. त्याखाली स्वागत, मंडप, पाणीव्यवस्था, सगळ्यांची नावं. पाणीव्यवस्था! माझं नाव नाही. तीनदा वाचली. उलटी करूनपण बघितली. अकरा वर्षं विहार कमिटीचा सरचिटणीस असलेला भिवाजी कासारे शेवटच्या ओळीत 'व समस्त रहिवासी' यांच्यात गेला.
कुंडलिक माझा शेजारी. मधे एक भिंत. बरोबर शिकलो, बरोबर लग्नं केली.
सूड घेणार. शांतपणे, डोकं थंड ठेवून.

१८ जानेवारी, सोमवार
आजपासून कुंडलिकशी बोलणं बंद. रात्रीपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

१९ जानेवारी, मंगळवार
लक्षात आलं नाहीच. उलट आमटी पाठवली. शालनने ठेवून घेतली. बायकोला नवऱ्याच्या अपमानाचं काही नसतं. आमटी बरी होती.

२१ जानेवारी, गुरुवार
संधी चालत आली! कुंडलिक घरी आला. म्हणाला, "भिवा, पाहुण्यांच्या रीतीभाती आपल्याला माहीत नाहीत. काही चुकलं तर शोभा होईल. तू वाचणारा माणूस, एक यादी करून दे."
मी गंभीर चेहऱ्याने बघू म्हटलं. आतून उकळ्या फुटत होत्या. ऑफिसात आमच्या साहेबांकडे थायलंडला जाणाऱ्या टूरिस्टांसाठी असलेली इंग्लिश पुस्तिका आहे. उद्या मागतो.

२३ जानेवारी, शनिवार
पुस्तिका वाचून काढली. अद्भुत देश आहे. डोकं म्हणजे शरीराचा सर्वात पवित्र भाग, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. पाय सर्वात हलके, ते कुणाच्या समोर पसरायचे नाहीत. बुधवारी केस कापले तर अशुभ. टोके नावाची ढब्बू पाल असते, ती नको त्या वेळी ओरडली की घराबाहेर पडायचं नाही. (इथे पाल चुकचुकली की शालन 'सत्य आहे' म्हणते. कुणाचंही बोलणं असो. माझं सोडून.) तान्ह्या बाळाला सुंदर म्हणायचं नाही, भुतांची नजर जाते. म्हणून बेडूक, डुक्कर अशी टोपणनावं ठेवतात. आमच्या आजोबांचं नाव धोंडू होतं, ते का ते आज कळलं. अंगणात जागेच्या राखणदारासाठी छोटंसं घर बांधतात, त्याच्यापुढे रोज लाल सरबत ठेवतात, वर स्ट्रॉसकट. तिकडे भुताची आठवण ठेवतात. इथे सरचिटणीसाची नाही.
आणि हसायचं. भेटल्यावर, चुकल्यावर, अडचणीत, सारखं हसायचं.

२४ जानेवारी, रविवार
यादी तयार. फुलस्केपवर रेघ मारून दोन रकाने केले. वर दोन हेडिंग, 'करावे' आणि 'करू नये'. सगळं पुस्तिकेप्रमाणे लिहिलं. फक्त दोन हेडिंगांची अदलाबदल केली.
म्हणजे खालचा शब्द न् शब्द खरा आहे. मी खोटं लिहिलं असं कुणालाच म्हणता येणार नाही.
हात जोडणं, चपला काढणं, भन्तेंशी कसं वागावं हे घेतलंच नाही. एक तर ते आपल्याला माहीत आहे, संशय आला असता. आणि भन्तेंची चेष्टा करण्याइतका नीच मी नाही.
सात तारखेला कुंडलिक हाटे पाहुण्यांच्या डोक्यावरून हात फिरवील आणि त्यांच्यापुढे तंगड्या पसरून बसेल. मी मागे उभा राहून बघीन. समस्त रहिवासी म्हणून.

२५ जानेवारी, सोमवार
यादी दिली. कुंडलिकने मनापासून थँक्यू म्हटलं. सात तारखेला पस्तावेल बिचारा.

२७ जानेवारी, बुधवार
मास्टरस्ट्रोक. मूळ कागद फाईलला लावायचा म्हणून कुंडलिककडून परत आणला आणि चुलीत घातला. पुरावा शून्य. कुंडलिक म्हणाला, नेलास तरी चालेल, मी उतरवून घेतलंय.
कशावर उतरवून घेतलंय ते विचारायला पाहिजे होतं.

२९ जानेवारी, शुक्रवार
स्टेन्सिलवर उतरवून घेतलं होतं. वागळे इस्टेटला त्याच्या युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाईल काढले. दोनशे प्रती. घरोघर वाटल्या. खाली मोठ्या अक्षरात, दोन रेघा मारून:
माहिती संकलन: श्री. भिवाजी रामजी कासारे, सरचिटणीस.
स्वतः सांगायला आला. "पत्रिकेत तुझं नाव प्रेसवाल्याकडून राहिलं, मला फार वाईट वाटलं रे. म्हणून इथे ठसठशीत टाकलं."
जेवण गेलं नाही.

३० जानेवारी, शनिवार
निश्चय: दोनशेच्या दोनशे प्रती परत गोळा करायच्या.
तीन मिळाल्या. एकीत शेंगदाणे होते, शेंगदाण्यांसकट घेतली.

३१ जानेवारी, रविवार
नवा प्लॅन. तोंडी दुरुस्ती. गोपीनाथला नळावर गाठलं, म्हटलं पाहुण्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, छापील वेगळंच सांगतंय. मी म्हटलं, छापील चूक आहे. तो म्हणाला, "अहो कासारे, खाली तुमचंच नाव आहे. तुमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं काय?"
मी बादली भरून घरी आलो.
संध्याकाळी विहारात रंगीत तालीम. कुंडलिक सगळ्यांना न हसता उभं राहायला शिकवत होता. पाय पसरून बसायचं म्हटल्यावर बायका खूष. गुडघे दुखणाऱ्या सातही जणींनी थायलंड देश चांगला असल्याचं सांगितलं.

३ फेब्रुवारी, बुधवार
चाळीतल्या एकूण एक पुरुषांनी केस कापले. न्हाव्याकडे लाईन. मला कुंडलिक दंडाला धरून घेऊन गेला. म्हणाला, ज्याने माहिती दिली त्यानेच मागे राहिलेलं बरं दिसत नाही. बारीक कापले.
उद्या कुंडलिकला सगळं खरं सांगून टाकायचं.

४ फेब्रुवारी, गुरुवार
सांगितलं नाही. तो घाईत होता. मीही घाईत होतो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सांगणारच होतो. पण नीट विचार केला. चूक कोणाची? पत्रिकेचं प्रूफ कोणी बघायला पाहिजे होतं? अध्यक्षाने. तेव्हा होऊ दे शोभा. नाव माझं असलं तरी डोक्यावर हात त्याचा असणार. सूड तो सूड. हा विचार चहा संपेपर्यंत टिकला.

६ फेब्रुवारी, शनिवार
पोटात कळ. खरी असावी. शालनला म्हटलं, उद्या बाळकुमला तुळसाकडे जाऊन पडतो. तुळसा तिची धाकटी बहीण. शालन म्हणाली, तुळसा सकाळीच इकडे येतेय. मूर्ती बघायला. यादी तिनेही पाठ केलीय.

७ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ
सगळं लिहितो.
अकरा वाजता मॅटाडोर आली. आधी एक भन्ते उतरले. मग सुमाली नावाच्या सत्तरीच्या बाई, रिटायर्ड शिक्षिका. मूर्ती त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाने. शेवटी प्रसित नावाचा तरुण. मुंबईत शिकतो, हिंदी बोलतो, भाषांतर करायला आलेला. तिघेही उतरले ते हसतच.
समोर दोनशे माणसं, पुरुषांचे केस कापलेले, चेहरे दगडासारखे. एकही दात दिसत नव्हता. भन्तेंचं हसू कमी कमी होत गेलं. प्रसितने मागे वळून मॅटाडोर आहे का बघितलं.
भन्तेंना सगळ्यांनी रीतसर वंदन केलं, ते नीट पार पडलं. मग कुंडलिक पुढे झाला. प्रसितच्या गळ्यात हार घातला आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरून, भांग पाडलेल्या केसांवरून, सावकाश हात फिरवला. दोनदा. प्रसित लालबुंद झाला. मागे सतरंजीवर बायका धडाधड पाय पसरून बसल्या, तळवे पाहुण्यांकडे.
हीच ती घडी. एकवीस दिवस मी हिची वाट बघत होतो. मजा यायला पाहिजे होती. मला फक्त तुळसाच्या टाचा दिसत होत्या.
तेवढ्यात जनाबाई, कुंडलिकची आई, ऐंशीच्या पुढची, गर्दीतून वाट काढत आली. सुमालीबाईंच्या पुढ्यात उभी राहिली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, गालांवरून उतरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, "लांबून आलीस गं बाय. दमली असशील."
सुमालीबाई रडायला लागल्या. प्रसित धावला, त्यांनी त्याला थांबवलं. काहीतरी बोलल्या. तो आमच्याकडे वळून हिंदीत म्हणाला, आई गेल्यापासून त्यांच्या डोक्यावर कोणी हात ठेवला नव्हता. चाळीस वर्षं झाली.
मग कोणालाच राहवलं नाही. सगळी चाळ रडली आणि हसली. यादीतलं हसण्याचं कलम तिथेच मोडलं.
नंतर जेवताना प्रसितने कुंडलिकला हळूच विचारलं, डोक्याचं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी कोशिंबीर वाढत होतो. भांडं घेऊन खांबामागे गेलो. कुंडलिकने यादी काढली, प्रसितने अर्थ विचारून घेतला आणि म्हणाला, हे सगळं उलटं आहे.
कुंडलिकने कागद पुन्हा वरपासून वाचला. मग उठला आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे. कासारेंनी बरोबर लिहून दिलेलं. स्टेन्सिलवर हेडिंग मी उलटी टाकली. माफ करा." सुमालीबाईंना इतकं हसू आलं की पाण्याचा ग्लास खाली ठेवायला लागला. प्रसितसुद्धा हसला.
मूर्ती बसली. शांत चेहरा आहे. मी मागूनच वंदन केलं.

८ फेब्रुवारी, सोमवार
कुंडलिकने ओळखलंय, नक्की. सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं, म्हणजे आता सावकाश सूड घेणार. खोल माणूस आहे. मी असतो तर हेच केलं असतं. सावध राहायचं.

१० फेब्रुवारी, बुधवार
कुंडलिकने शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. शालनला म्हटलं, आधी तू खा.

११ फेब्रुवारी, गुरुवार
शांतपणे विचार केला तर एक गोष्ट दिसते. त्या बाईंना चाळीस वर्षांनी आईचा हात मिळाला, तो कोणामुळे? यादीमुळे. यादी कोणाची? जगात कुठल्याही पुस्तिकेने एवढं काम केलं नसेल. श्रेय मागत नाही. पण आहे ते आहे.

१३ फेब्रुवारी, शनिवार
सहा दिवस झाले, सूड येत नाही. झोप नाही. शालन म्हणाली, भाऊजींना सॉरी म्हणा आणि मोकळे व्हा. तिला सगळं माहीत होतं. चुलीत अर्धा कागद जळायचा राहिला होता म्हणे.

१४ फेब्रुवारी, रविवार
सकाळी जिन्यात कुंडलिकला गाठलं. म्हटलं, "सॉरी."
तो म्हणाला, "कशाबद्दल?"
मला वाटलं, मुद्दाम विचारतोय. चेहरा बघितला. मुद्दाम विचारत नव्हता. चूक आपलीच झाली असं तो खरंच धरून बसला होता. मग पत्रिका, हेडिंग, चूल, सगळं सुरुवातीपासून सांगावं लागलं. पाऊण तास. खालची चार बिऱ्हाडं दारात येऊन ऐकत होती.
कुंडलिक पायरीवर बसला. शेवटी म्हणाला, "आठ दिवस मी स्वतःला शिव्या देतोय भिवा. तू नुसतं येऊन विचारलं असतंस, माझं नाव कुठंय म्हणून, तर मी पत्रिका परत छापून आणल्या असत्या." मग उठला. "मला सांगितलंस, आता आईला पण सांग. ती हौसेने यादीप्रमाणे वागायला गेली."
जनाबाईंकडे गेलो. लसूण सोलत होत्या. पाया पडलो. म्हटलं, जनाबाई, डोक्यावर हात ठेवायचं मी यादीत लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला ते करायला लावलं, माझी चूक झाली.
त्यांनी मान वर केली.
"कसली यादी?"
म्हटलं, घरोघर वाटलेली.
"मला कुठं वाचता येतं, बाबा," म्हणाल्या. "दमलेली दिसली, हात फिरवला." आणि ताटातला अर्धा लसूण माझ्याकडे सरकवला.
सोलून दिला.