पुढाऱ्याच्या कमरेचं माप

रविवार, जेवणं उरकल्यावर

लाडक्या छकुलीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे ठणठणीत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या आईपेक्षा कमीच. तू घेऊन दिलेलं नवीन शिलाई मशीन झकास पळतंय.

तू रागावशील म्हणून आधी मशीनचं सांगितलं. आपल्या पुढाऱ्याच्या पुतळ्याच्या कार्यक्रमात तू लिहून दिलेलं भाषण मी वाचलं नाही.

अगं, वाचणारच होते. चष्माही चढवला होता. पण समोर त्याची बायको, आपली वहिनी, बसलेली. तो, माझा गल्लीतला मानलेला भाऊच, गेल्यापासून तिने तोंड उघडलेलं नाही. लोक येतात, "साहेब युगपुरुष होते" म्हणतात, ही भिंतीकडे बघते. पुतळ्यावरचं कापड ओढलं तरी हिची मान खालीच. मनात आलं, ही अशीच मिटून जाणार.

पुतळा मात्र झोकात! डावा हात कमरेवर. अध्यक्ष म्हणाले, "ही साहेबांची निर्धाराची मुद्रा!" पक्षाची पोरंही तशीच उभी, जणू सगळ्यांच्या कमरेत एकदमच उसण भरलीय.

मला राहवेना. कागद पिशवीत कोंबला आणि माईक धरला. "निर्धार कसला डोंबलाचा! त्याचे कपडे मी शिवायची. कमरेला टेप लावली की याला गुदगुल्या. खी खी करत दुकानभर पळायचा, मंत्री झाला तरी! मग मी अंदाजाने कापायची, पँट ढगळ व्हायची. पट्टा पोटाला आवळतो म्हणे, म्हणून लावायचा नाही. भाषण करताना ती धरून उभा राहायचा, दुसरं काय!"

अध्यक्ष खोकले. आणि वहिनीचे खांदे हलायला लागले. म्हटलं, मेले, रडवलं हिला. तर बाई हसत होती गं! डोळे पुसत मोठ्याने म्हणाली, "भर सभेत घसरलीही होती यांची! मीच मागून पिन लावली!"

मग काय, अध्यक्षांनाही हसू आवरेना.

संध्याकाळी तो दुकानात येऊन बसायचा, काही शिवायचं नसलं तरी. आता खुर्ची रिकामी असते, हे तुला कधी कळवलं नाही. काय कळवायचं? हात कामात ठेवायचा, झालं.

काल वहिनी आपणहून आली. आजही आलीय. खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय, "अहो ताई, यांच्या घोरण्याचंही लिहा की!" मला धड लिहू देईना, इतकं बोलतेय. बोलू दे.

तिचं ऐकत बसलेली,
तुझी आजी