सर्वांत शांत मांजर

स्वानंद,

वरण-भात कुकरमध्ये आहे. कॅट शोमधला करंडक टीव्हीजवळ ठेवलाय. फॉर्म तू भरला होतास, म्हणून तो तुझा. तुझी मीटिंग निघाली, तेव्हा शेवंताला रिक्षाने मीच चिंचवडला घेऊन गेले.

आपल्या मांजरीला 'सर्वांत शांत मांजर' हे बक्षीस मिळालं. परीक्षकांच्या टेबलाजवळ कुणाचा तरी लोखंडी पिंजरा धाडकन पडला. बाकीची मांजरं फिसकारली, एका बोक्याने तर मालकिणीचा हात रक्तबंबाळ केला. शेवंता डोळे मिटून तशीच बसून राहिली. परीक्षकबाई म्हणाल्या, "मावशी, कसं शिकवलंत हो हिला?" मी म्हटलं, "माझ्या मुलाने शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू पहिल्यांदा ताट फेकलंस, तेव्हा ती कॉटखाली पळाली होती. तू तिला शेपटीला धरून ओढलंस आणि भिंतीवर आपटलंस. त्यानंतर ती कधी पळाली नाही. परवा तू फेकलेली इस्त्री माझ्या मनगटावर बसली, तेव्हा मीही अशीच डोळे मिटून उभी होते. हे मला त्या टेबलाजवळ कळलं.

मी संत तुकाराम नगरला पद्मामावशीकडे जातेय. शेवंता माझ्याबरोबर आहे. तिला न्यायला येऊ नकोस, मलाही नको. वाटेत मनगटाचा एक्स-रे काढायचा आहे. डॉक्टरांनी विचारलं, तर या वेळी मी बाथरूममध्ये घसरले असं सांगणार नाही.

आई