शेवटचे चार स्क्रू

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार तू मोठा म्हणून. पुढचं सगळं रागाने लिहिते आहे, तेव्हा बसून वाच.

वहिनीने तुझ्या दुकानाच्या काचेचा फोटो पाठवला. मधोमध आपल्या कारखान्याचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. तोच तपकिरी खोका, तीच सोनेरी जाळी, आणि वहिनी लिहिते, मागच्या पट्टीवर परदेशाचं नाव. ज्या ॲम्पच्या तारा जोडून आईने आपल्या दोघांना वाढवलं, मला घरातली पहिली पदवी मिळवून दिली, त्याची तिकडे काढलेली नक्कल तू विकायला ठेवतोस. शिवाय खाली पाटी, 'अस्सल जुना नाद'. हात कसा धजला तुझा?

तुला सगळं माहीत आहे. नऊ वर्षं कुलूप असलेली शेड कंपनीने उघडली. स्वस्तातले तिकडे बनतातच, पण खास आवृत्ती आता पुन्हा इथे निघते. आईला आणि तिच्या बरोबरीच्या पाच जणींना घरी येऊन बोलावणं केलं. मला तिथेच प्रसिद्धी विभागात खुर्ची मिळाली, माहितीपुस्तिका मी लिहिली. इथला ॲम्प महाग आहे, कबूल. पण त्यामागे सहा बायकांचे हात आहेत, हे गिऱ्हाइकाला सांगायला तुझं तोंड दुखतं का? वस्तू कुठे बनली याने फरक पडत नाही म्हणणारे लोक आपली शेड बंद झाली तेव्हाही हेच म्हणत होते.

तो खोका काचेतून काढ. वहिनीला सांग, तिच्यावर राग नाही. तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहील; या आठवड्यात वाढणार नाही.

तुझी,
धाकटी

---

१० फेब्रुवारी

चि. पदवीधर बाईंस,

अ. आ. पत्र उभ्यानेच वाचलं, समोर गिऱ्हाईक होतं. त्याला वाटलं, वीज कंपनीची नोटीस आली.

आता माझंही ऐक. काल मी तो परदेशी ॲम्प उघडला. नाक मुरडायच्या तयारीनेच उघडला. पण जिने कुणी तो जोडलाय, तिचा हात बसलेला आहे. प्रत्येक सोल्डर चकचकीत, कुठे गोळा नाही, कुठे तार ताणलेली नाही. आणि व्हॉल्व्हचं, त्या काचेच्या नळ्यांचं म्हणशील तर आपली शेड भरात होती तेव्हाही ते बाहेरूनच यायचे. आई खोक्यातून अंडी काढावीत तसे काढायची. मग अस्सल म्हणजे नेमकं किती टक्के, ते तुझ्या पुस्तिकेत लिहिलंयस का?

माझ्याकडे गिटार शिकवणारी एक मुलगी येते. हा ॲम्प घ्यायचा म्हणून आठ महिने जादा शिकवण्या केल्या तिने. माझ्या बहिणीच्या तत्त्वांसाठी अजून चार महिने थांब, असं तिला सांगू? आणि शेड बंद झाल्यावर आई रोज सकाळी डबा भरून, मग तो स्वतःच खात घरी बसायची, ते तू शाळेत गेल्यावर मी पाहिलंय. तेव्हा मला आईची आठवण करून देऊ नकोस. फार लागलं मला ते.

तरी तुझ्या समाधानासाठी तुमचा इथला एक मागवलाय. दोन्ही शेजारी ठेवून उघडीन. तुमचा सरस निघाला तर काचेत तो ठेवीन आणि शेजारी कान धरून मी उभा राहीन.

वहिनी म्हणते, तुम्ही दोघं भांडलात की तिला घरात शांतता मिळते. आईला नमस्कार. राग आणि माया दोन्ही पोचल्याचं कळव.

तुझा,
दादा

---

१५ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. डब्याचं मला माहीत नव्हतं. आईवरून बोलले तेवढं वाक्य मी परत घेते. बाकीची घेत नाही.

सोबत माझी पुस्तिका पाठवते आहे. पान दोन वाच: 'यातली प्रत्येक जोडणी इथल्याच, याच कामात मुरलेल्या हातांनी केली आहे.' हे वाक्य मी अकरा वेळा लिहून खोडलं, मग जमलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली. हल्ली कामाबद्दल विचारलं तर बोलत नाही. दमत असेल. शेडमध्ये आम्हा ऑफिसवाल्यांना जाऊ देत नाहीत, धूळ नको म्हणून, नाहीतर मी रोज जाऊन उभी राहिले असते.

त्या गिटारवाल्या मुलीलाही एक प्रत दे. शिकवणारी आहे, तिला कळेल. कान धरायची तालीम सुरू ठेव आणि माया पूर्वीसारखी असू दे.

तुझी,
धाकटी

---

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. या पत्रात थट्टा नाही.

तुमचा ॲम्प आला. दोन्ही उघडून टेबलावर ठेवले. धाकटे, दोन्ही एकाच हाताचे आहेत. तेच सोल्डर, तारेला तेच वळण, आणि आतल्या पत्र्यावर तपासणीचा तोच निळा शिक्का, परदेशी लिपीतला. तुमच्यात बाहेरून वेगळं एवढंच: मागची फळी चार नव्या स्क्रूंनी बसवलेली, आणि वर 'इथे बनवलेले' असा सोनेरी स्टिकर.

अजून आहे. दोन्हींत पिवळ्या तारांच्या मधोमध एक हिरवी तार आहे. मी नवव्या इयत्तेत असताना शेडमध्ये आईचा डबा पोचवायला गेलो होतो, तेव्हा पिवळी तार संपली म्हणून आई हिरवा तुकडा लावत होती. सुपरवायझरच्या नकळत. म्हणजे नक्कल करायला यांना जो जुना ॲम्प सापडला, तो नेमका आईचा. आणि यांनी ती तारही जशीच्या तशी उतरवली, हजारो खोक्यांत.

ते मी हसून सोडलं असतं. पण फक्त तुमच्या महागड्या खोक्यात झाकणाच्या आत आईच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. पेन्सिलीची सही, जुनी तारीख, सगळं छापलेलं. कागदाला पिवळेपणासुद्धा छापून आणलाय. शेडमध्ये त्या चिठ्ठ्या कशासाठी असत ते तुला ठाऊक आहे का? शोभेसाठी नव्हे. ॲम्प बिघडून परत आला तर जिने जोडला तिच्याच टेबलावर जावा, म्हणून. उद्या यातला एखादा पेटला तर नाव कुणाचं?

आईला विचार, ती तिथे दिवसभर काय करते. आणि तुझं पान दोन पुन्हा वाच. माझा सगळा राग तुझ्यावर नाही, पण थोडा आहे.

दादा

---

६ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं: तयार खोके येतात. त्या सहा जणी चार स्क्रू लावतात, स्टिकर लावतात. फोटोवाले आले की हातात सोल्डरिंगची कांडी देतात. ती थंड असते. हे तिने महिनाभर मला सांगितलं नाही, कारण मी त्या वाक्यावर इतकी खूश होते. दादा, तिने चष्मा पुसला तो कशासाठी, हे मला आत्ता कळलं. लाज वाटून काही उपयोग नाही, पण वाटते.

चिठ्ठ्यांबद्दल तिला वाटत होतं, एखादी आठवण म्हणून लावतात, एका-दोन खोक्यांत. सगळ्यांत जातात हे नव्हतं माहीत, कारण त्या दुसरीकडे डकवून, झाकण बंद होऊनच खोका यांच्याकडे येतो. तुझं पत्र वाचताना हिरव्या तारेपाशी म्हणाली की चूक तेवढी यांनी मन लावून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टेबलावरच्या बत्तीस खोक्यांची झाकणं उघडून आपल्या चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि मॅनेजरांपुढे नेऊन ठेवल्या. मी जोडलेल्या खोक्यात माझी चिठ्ठी, दुसरीच्या कामावर नको, एवढंच तिचं म्हणणं. मॅनेजरांनी मला वरून बोलावलं आणि आईला समजावायला सांगितलं. गिऱ्हाइकांना ती चिठ्ठी फार भावते, म्हणाले.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. मी समजावलं. सगळ्यांसमोर मी आईला म्हटलं की आत्ता नको, माझी नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे आहेत. तुला 'हात कसा धजला' असा जाब विचारणारी तीच मी. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने पर्स उचलली, बाकीच्या पाच जणींना येते म्हणाली आणि गेली. मॅनेजर म्हणाले, डोकं शांत झालं की पाठवा.

घरी आले तर ती तुझ्या पत्रातली सोल्डरची ओळ पुन्हा वाचत होती. मला विचारलं, ती तिकडची बाई खरंच इतकं साफ काम करते का. मग म्हणाली, तिची चिठ्ठी कुठेच नाही. तिचं चांगलं काम आपल्या नावावर, आणि तिचं बिघडलेलंही आपल्याच नावावर. दोघींनाही लुटलं. मग मला चहा करून दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काल पुस्तिकेची दुसरी छपाई निघाली. मजकूर बरोबर असल्याची सही लेखिका म्हणून मला करायची होती. मी नवा मजकूर ठेवला: 'जोडणी परदेशात. मागची फळी इथे बसवली.' मॅनेजरांनी तो वाचून परत माझ्याकडे सरकवला आणि जुन्यावर सही मागितली. मी केली नाही. रागाने बाहेर आले, राजीनामा लिहिला आणि घरी येऊन आईपुढे ठेवला, शाबासकीच्या आशेने.

दादा, इतक्या शिव्या मी आयुष्यात खाल्ल्या नाहीत. तिचं म्हणणं, नाव तिचं गेलं, भांडण तिचं. मला खुर्ची रिकामी करायला सांगितलं कुणी. मी उठले की त्याच खुर्चीत कुणीतरी बसेल आणि जुन्या मजकुरावर मुकाट सही करेल. शिकवलं ते लिहिण्यासाठी, रुसण्यासाठी नाही. मग राजीनामा चुलीत घातला आणि मला जेवायला वाढलं.

तुझ्याशी माझं अजूनही पटत नाही. इथे तार जोडता येणाऱ्या सहा बायका आहेत आणि त्यांच्या हातात पेचकस दिलाय, याने फरक पडतो. पण त्या मुलीला परदेशी ॲम्प दे. तो निदान जिथला आहे तिथलाच आहे, असं मी सांगितल्याचं सांग. आमचा मात्र परत पाठव. कारणाच्या रकान्यात लिही, की चिठ्ठीवरच्या बाईने हा जोडलेला नाही.

उद्या सकाळी मी कामावर जाते आहे, नवा मजकूर घेऊन. आईही येते म्हणते. हाकललं तर कळवीन. नाही हाकललं तर जास्त काळजी कर, मग रोज भांडावं लागेल. वहिनीला नमस्कार, आणि मी चुकले त्या दिवसासकट माझ्यावर लोभ ठेव.

तुझी,
धाकटी