मानेआबातली तुझी जागा

प्रिय रोतिया,

म्हणजे शेवटी तू तेच बोललीस! फोनवर मी गप्प बसलो, कारण मागे सगळी पोरं कान टवकारून होती. पण राग गेलेला नाही. इथं परमुलखातल्या या शेतावर टोमॅटो तोडताना देठाबरोबर पानंही ओरबाडतोय. तुझे सर म्हणाले, हा रीतिरिवाजांचा विषय झाला, परराष्ट्र धोरणाचा नव्हे. तेवढ्यावर तू प्रबंध गुंडाळलास आणि मला विचारतेस, तुमच्या शेतावर बायकांना काम मिळतं का? अगं, तू समुद्रापलीकडं सुवाच्या विद्यापीठात निघालीस तेव्हा किरिबासमधलं आपलं अख्खं बेट धक्क्यावर लोटलं होतं. तुझ्या आईनं तुझ्या केसांना इतकं खोबरेल चोपडलं होतं की बोटीवरचा खलाशी म्हणाला, हिला सावलीत बसवा, नाहीतर तळून निघेल. तू हसलीस ती माझ्याकडे बघून. ते हसू मी अजून पुरवून पुरवून वापरतोय.

सातवीतून पळालेल्या माणसाला तूच तर हे सगळं समजावलं होतंस. देशांनी एकमेकांशी कसं वागावं याची पुस्तकं चार मोठ्या देशांत लिहिली जातात, आणि त्यांत आपण म्हणजे नुसते निळ्या रंगावरचे ठिपके. पण आपल्या मानेआबात, गावच्या सभाघरात, परका आला की आधी त्याला बसायची जागा द्यायची, मग खाऊ घालायचं, आणि मगच बोलायचं. मासेमारीच्या परदेशी जहाजवाल्यांशी आपल्या म्हाताऱ्यांनी असंच बोलून घेतलं. आपल्या सभाघराची वळचण एवढी खाली, की राजदूत आला तरी वाकूनच आत येतो. हेही धोरणच, शिकवा की हे, असं तुझं म्हणणं. मी तेव्हा मान डोलावली होती, पण खरं सांगू? मी तुझ्या हातांकडे बघत होतो.

गेल्या आठवड्यात मात्र डोक्यात प्रकाश पडला. रविवारीही तोडणी करायची असं इथं ठरत होतं, म्हणून मालकानं, ग्रेगनं, सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. टोंगाची, वानुआतूची पोरं धडाधड बाकांवर बसली. आपली किरिबासची सगळी दारातच उभी. मुकादम कालसाऊ वानुआतूचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, या की आत, नवरदेव आहात काय, मानपान हवाय? कुणी हललं नाही. ग्रेग लालबुंद झाला. संप करताय? ज्याला काम नकोय त्यानं आजच सामान बांधा, म्हणाला.  मी आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या बीरीबोकाकांना हळूच म्हटलं, काका, बसूया ना! ते माझ्यावरच खेकसले, कुणी जागा दाखवली का तुला? दुसऱ्याच्या पिढीजात जागेवर बूड टेकवून त्याच्या आज्याचा अपमान करतोस?

ते कालसाऊनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. त्यांच्याकडेही मोठ्यांच्या बैठकीत कुणी असं घुसत नाही, पण इतकी वर्षं इथं राहून तो विसरला होता. त्यानं मालकाला सांगितलं, साहेब, हा संप नाही, हे लोक पाहुणे आहेत, यांना जागा दाखवा.  मग ग्रेगनं स्वतः एक बाक ओढून आणला आणि बोट करत गेला, काका तुम्ही इथं, तू इथं. आम्ही बसलो. मग काका सावकाश, आकाशाकडे बघत असल्यासारखे बोलले. ग्रेगनं रविवारची तोडणी सोडली, आमची प्रार्थना शाबूत राहिली. सगळे टाळ्या पिटत होते, आणि मी वेड्यासारखा तुला शोधत होतो, तू शेजारी असल्यासारखा.

आता ऐक. नैरोबीच्या परिषदेचं निमंत्रण तू उशीखाली दडवलंयस, हे तुझ्या बहिणीनं मला सांगितलं. लहान देशांतली माणसं जमणार, परराष्ट्र धोरणाचा विषय आमच्या बाजूनंही शिकवा म्हणणार, आणि तुझं नाव बोलणाऱ्यांत आहे. अर्धं भाडं ते देतात, उरलेलं तुझ्याकडे नाही, म्हणून ते सोडून तू इथं टोमॅटो तोडायला निघालीस. आणि मी त्या दिवशी गप्प का बसलो, सांगू? तोंडावर आलं होतं, ये. कालसाऊकडे तुझ्यासाठी शब्दही टाकून झाला होता. संध्याकाळी हातपाय धुताना तू येशील म्हणून मी अजूनही फाटकाकडे बघतो. पण तू आलीस तर नैरोबीतली तुझी जागा रिकामीच राहील. म्हणून नाताळला घरी यायचं माझं तिकीट आज रद्द केलं. तुझ्या आईला सांग, माझ्यासाठी ताडी काढून ठेवू नको. तू नैरोबीला जा. तिथलं दार उंच असेल, तरी वाकून आत जा, आणि कुणी जागा दाखवली नाही तर दारातच उभी राहा. त्यांना विचारावंच लागेल. तिकिटाचे परत मिळाले तेवढे सगळे पाठवतोय, अठराशे चाळीस डॉलर.

तुझाच, अजून धक्क्यावरच उभा असलेला,
बाउरो