गौरीच्या खोलीत दोन गेको

३ ऑक्टोबर, सकाळ
गौरीची शिवणाची खोली आजपासून गेकोंची, म्हणजे पाळायच्या विदेशी पालींची. काचेची टाकी, खालून ऊब द्यायला हीट मॅट, थर्मोस्टॅट, सगळं मांडलं. ती चार दिवसांसाठी माहेरी, पालीला गेलीय. त्याला महिना झाला. सासूबाईंच्या गुडघ्याचं असणार. आली की थक्क होईल.

५ ऑक्टोबर
मोठी आणि धाकटी आल्या. दुकानदार म्हणाला, दोघींना वेगळ्या टाकीत ठेवा. धंदा त्यांचा! एकत्र राहिल्यानेच माया लागते. लपायला मडकं एकच पुरे, उबेच्या बाजूला.

९ ऑक्टोबर, दुपार
स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. कोणी नव्हतं. गेकोंच्या खाऊचे रातकिडे डब्यातून सुटलेत, तेच. घाबरलो नाही. टीव्ही मोठ्याने लावला, एवढंच.

१४ ऑक्टोबर
मोठी धाकटीच्या अंगावर चढून बसते. काय प्रेम! मडक्यात मोठीच असते. धाकटी पाण्याच्या वाटीपाशी, ओल्या कोपऱ्यात. तिला कोपरा आवडतो.

१५ ऑक्टोबर
केर काढणाऱ्या सगुणाबाई त्या खोलीत पाऊल टाकेनात. म्हणे, "वहिनींचा वावर हाय हितं." गौरी ठणठणीत आहे, भूत व्हायला आधी मरावं लागतं, असं समजावलं. तर म्हणाल्या, "मेल्या असं मी कुठं म्हटलं?"
दुपारी शिवणमशीन चालल्यासारखं वाटलं. वारा. खिडक्या बंद होत्या, पण नागावचा वारा तो.

२० ऑक्टोबर
धाकटीची शेपटी काडीसारखी झालीय. खातच नाही. चोखंदळ. गौरीला फोन लावला, फक्त हे विचारायला. म्हटलं, तिला कोपराच आवडतो. गौरी म्हणाली, "दुसरी जागा कधी दिलीत का तिला?"
फोन कट. नेटवर्क.

२६ ऑक्टोबर
धाकटीच्या पाठीवर चावल्याची जखम. दुसरी टाकी आणणार. उद्या नक्की.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ
गौरी आली! भिंतीवर पाल दिसली की किंचाळणारी ही बाई. सरळ टाकीत हात घातला, धाकटीला अलगद उचललं आणि भोकं पाडलेल्या डब्यात ठेवलं. डबा माहेरूनच आणला होता. म्हणाली, "अलिबागला डॉक्टरांना दाखवते, मग पालीला नेते." मी विचारलं, आणि तू? म्हणाली, "आधी हिला खायला लागू दे."
रिक्षा गेलीसुद्धा.
मोठीला आता एकटं वाटेल. उशी आणलीय. आजपासून मी याच खोलीत झोपणार.