गोल पातळाच्या आत

चैत्र वद्य ४, शके १८६६

बार्शीहून नवरीचं पातळ आलं. पाचवारी! नवरदेव तिथं शाळेत मास्तर. त्याची इच्छा — द्वारकेनं मांडवात गोल पातळ नेसावं. गुलाबी आहे, सुरेख आहे. पण आणणारा माणूस सांगत होता, करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं ते उलगडून तोंडापुढं धरलं, तर आरपार त्याच्या मिशा मोजता आल्या. सगळे हसले. मला हसू आलं नाही. मिशा दिसतात, तर पोरीचे पाय दिसणार नाहीत?

नऊवारीला कासोटा घातला की आत काही लागत नाही. आमच्याकडं कुणालाच कधी लागलं नाही. ह्याला काय लागतं? हिची आजी नाही, आई नाही. घरात मी अन् नात. विचारावं तरी कुणाला!

चैत्र वद्य ५

द्वारका पातळाचा पदर खांद्यावर टाकून अंगणभर हिंडली. "आबा, मी हेच नेसणार!"

चैत्र वद्य ६

जमिलाबीकडं गेलो. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणाचं मशीन. द्वारकेचा झंपर तिच्याकडंच टाकलाय. बराच वेळ ज्वारीचं, उन्हाचं बोललो. शेवटी तीच म्हणाली, "तात्या, पोटात काय दुखतंय ते बोला." बोललो — भिंतीकडं बघून.

"अगे माय! एवढंच? आत परकर पायजे. आमच्यात घालतेत की."

परकर तर लहान पोरींचा! लग्नाच्या मुलीनं तो घालायचा अन् वर झाकून टाकायचा? झाकायचाच, तर शिवायचा कशाला, असं मी विचारलं.

"तुमची बंडी बी सदऱ्याच्या आतच असती. ती काय उगी शिवली म्या?"

पाच वार पांढरं कापड आणा म्हणाली. तेही जाड.

चैत्र वद्य ८

कळंबला जाऊन आलो. काय करून बसलो!

कापड कंट्रोलवर, रेशनच्या कार्डाशिवाय मिळत नाही. रेवणसिद्धअप्पांच्या दुकानी ही रांग. नंबर आला. "काय पायजे, तात्या?" मागं दहा माणसं कान देऊन. परकराला कापड म्हणायचं होतं — वाटेनं चारदा म्हणून पाहिलं होतं — अन् तोंडातून निघालं, धोतर!

"कुणाला?"

"मला."

अप्पांनी कार्डावर शिक्का मारला, तांबड्या काठाचं धोतर पुढं टाकलं. "लग्नात मिरवा!" म्हणाले. आता दिवाळीपर्यंत ह्या कार्डावर चिंधीही मिळायची नाही. येताना सगळी वाट स्वतःला शिव्या दिल्या.

चैत्र वद्य ९

जमिलाबीनं मशीन थांबवून हसून घेतलं. मग डोळे पुसले अन् म्हणाली, "नक्को घाबरू तात्या, हे बी कापडच हाय."

मी जुनं वर्तमानपत्र नेलं होतं. त्यावर धोतर पसरलं. एक पदर — अक्षरं दिसतात. दोन पदर — नाही! मला आनंद झाला. "आधी चष्मा लावा!" म्हणाली. लावला. तरी दिसेनात. तेव्हा परकर दोन पदरी.

पण काठ काढता येत नाही. काढला तर परकर घोट्याच्या वर जातो. काठ खाली ठेवणार म्हणते. म्हणजे नवरीच्या पायाशी आजाचं धोतर!

चैत्र वद्य १२

आज नेसवून पाहिलं. ऊन तिच्या मागून. मी पाठ करून उभा, बघायचं काम जमिलाबीचं. "कायबी दिसत न्हाय!" ओरडली. मग मीही वळलो.

खरंच दिसत नाही. फक्त पाऊल उचललं की तांबडा काठ डोकावतो. द्वारकेला त्याचं काहीच नाही. "आबा, पाय कसे सुटे वाटतेत!" म्हणत तिनं गुरांच्या पाण्याच्या हाळावरून उडी मारली. नवरी मुलगी! पण किती हसत होती. पुष्कळ वर्षांत ह्या अंगणात कुणी असं हसलं नव्हतं.

वैशाख शुद्ध २

नऊवारीच नेस, असं सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणालो.

"मग तुम्हीच बसा पाटावर," म्हणाली.

वैशाख शुद्ध ३

लग्न लागलं! सावकाश लिहितो.

विहीणबाई — प्रेमाबाई — मोठ्या करारी. अंतरपाट सरला तरी त्यांची नजर नवरीच्या पावलांवरच. अक्षता पडल्या, वाजंत्री झाली, नजर तिथंच. मग मला खुणेनं मांडवामागं बोलावलं. संपलं, म्हटलं. पोरीला आज नांदायला नेतात की इथंच ठेवतात!

"पाव्हणं, पातळाखालचा तो तांबडा काठ..."

मी उपरण्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"...पुण्याकडची तऱ्हा का हो ही?"

"व्हय," म्हणालो. देवा, माफ कर!

त्या तिथंच मांडवाच्या मेढीला टेकल्या. "पोरानं पातळ परस्पर धाडलं. ह्याच्या आत काय घालतेत, आमच्यात तरी कुणाला ठावं! कळल्यापासनं आठ दिस झाले, माझ्या पोटात अन्न न्हाय. म्हटलं, लेकराची चारचौघांत शोभा व्हणार."

म्हणजे ह्यांचीही तीच गत! मग खरं सांगून टाकलं — दुकान, रांग, धोतर, सगळं. त्या पदर तोंडात कोंबून हसल्या. मग मीही. वरबाप आम्हाला शोधत आले, तर आम्ही दोघं मेढीला धरून उभे!

वैशाख शुद्ध ७

बार्शीहून निरोप. विहीणबाईंना गोल पातळ नेसायचंय. ह्या वयात! परकर हवा — काठाचाच. माझ्याकडं धड असं एकच धोतर उरलंय, ते अंगावर. जमिलाबी दारात उभी राहून मघापासून त्याच्याकडंच बघतेय.